घासदाणा, गंजी आणि ढेप : नागपूर प्रांतातील वैरणसाठ्याचा इतिहास

नागपूरच्या आर्थिक इतिहासात कापूस, संत्री, मँगनीज आणि रेल्वे यांना जेवढी पाने मिळाली तेवढ्या ओळीही जनावरांच्या वैरणीला मिळालेल्या नाहीत. वास्तविक १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचेपर्यंत या प्रांतातली नांगरट, मोटेचे पाणी, कापसाच्या गाड्या, बंजाऱ्यांच्या तांड्यांचा व्यापार आणि भोसल्यांची फौज ही सारी कामे जनावरांच्या बळावर, म्हणजे अखेरीस वैरणीवरच चालत होती. वैरण म्हणजे वाळवून ठेवलेला चारा. त्यात ज्वारीचा कडबा, भाताचे तणस, गहू, हरभरा व तूर यांच्या मळणीतून निघणारे कुटार आणि रानातून कापून आणलेले गवत हे सगळे येते. तिच्या जोडीला सरकी, डाळीची चुनी, कोंडा आणि ढेप, म्हणजे तेल गाळून उरलेला बियांचा चोथा, असा पौष्टिक खुराक असे. या साठ्याचा इतिहास पाहताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: जिथे साठवणारा हात आणि गव्हाणीत टाकणारा हात एकच होता तिथे नासाडी फारच थोडी होती, आणि हे दोन हात जसजसे एकमेकांपासून दूर गेले तसतसे एकीकडे ढीग कुजणे व दुसरीकडे जनावर उपाशी राहणे हे एकाच वर्षात घडू लागले.

साठ्याची गरज येथील ऋतुमानातूनच निर्माण झालेली आहे. नागपूर भागात वर्षाला सरासरी ११०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो; कार्तिकापर्यंत बांधावर आणि पडीत जमिनीवर हिरवे गवत मिळते, त्यानंतर रान पिवळे पडते, आणि मृगाचा पाऊस आला तरी नव्या गवतावर जनावराचे तोंड नीट बसायला जुलै उजाडतो. मध्यम बांध्याचा बैल दिवसाला आठ किलोंच्या आसपास कोरडा चारा खातो असे धरले, तर नोव्हेंबर ते जून या सुमारे २४० दिवसांसाठी एका बैलाला १९०० किलोंहून अधिक आणि एका जोडीला जवळपास ४ टन वैरण लागते. रानात चरून यातला काही भाग भागत असे, पण उन्हाळ्याच्या शेवटच्या दोन महिन्यांत रानात चरण्यासारखे काही उरत नसे आणि नेमक्या त्याच काळात वखरणीची व पेरणीपूर्व मशागतीची सर्वांत जड कामे येत. कुणब्याच्या दृष्टीने साठ्याचा प्रश्न वैशाख आणि ज्येष्ठ या दोन महिन्यांचा होता. बाकीचे महिने कसेही निभावत.

मराठी राज्यव्यवहारात हा विचार किती बारकाईने झाला होता याचा सर्वांत जुना आणि सर्वांत परिचित पुरावा नागपूरचा नाही, कोकणातला आहे. शिवाजी महाराजांनी १६७३ साली चिपळूण भागात छावणी करून राहिलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात पावसाळ्यासाठी जमवलेला दाणा आणि वैरण मोजून वापरण्याची सक्त ताकीद आहे. साठा आहे तोवर मनमानी उधळला तर ऐन पावसाळ्यात घोडी मरतील आणि त्या मरणाचे धनी अधिकारीच ठरतील. मग शिपाई कुणब्यांच्या घरांतून दाणे, भाकरी, गवत, भाजी उचलू लागतील आणि रयतेला मोगल बरे वाटू लागतील, अशी ही कारणमीमांसा आहे. त्याच पत्रात गवताच्या गंजींजवळ विस्तव करू नये, तंबाखू ओढणाऱ्यांनी जपावे आणि रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल व सगळी वैरण भस्म होईल, असा इशारा आहे. राज्यकर्त्याने उंदराच्या वातीपर्यंत विचार केलेला दस्तऐवज सतराव्या शतकात फारसा सापडत नाही. उधळपट्टी, टंचाई आणि लूट ही एकच साखळी आहे, हे या पत्रातले निदान पुढच्या शतकातल्या नागपूरकर भोसल्यांच्या कारभाराला मात्र लागू करून पाहावे लागते, कारण तेथे याच साखळीचे रूपांतर एका करात झाले.

हा कर म्हणजे घासदाणा. फौजेच्या घोड्यांच्या घासासाठी आणि दाण्यासाठी म्हणून मुलखावर बसवलेली ही पट्टी होती. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे दहावा हिस्सा, या दोन्ही हक्कांमागे निदान शाहूकाळात मिळालेल्या सनदांचे बळ होते. घासदाण्याचे मूळ त्याहून उघडेवाघडे होते. घोडेस्वारांची तुकडी एखाद्या परगण्यातून जाताना उभी पिके कापून घोड्यांपुढे टाकते आणि गंजी ओढून नेते, त्याऐवजी गावांनी आधीच ठरावीक रक्कम भरून ही आफत टाळावी, अशी ती रचना होती. सेनासाहेब सुभा हा किताब धारण करणाऱ्या पहिल्या रघूजी भोसल्यांनी नागपूरचे राज्य उभे केले तेव्हा या राज्याची घोडदळावरची भिस्त मोठी होती. १७४० नंतरच्या दशकात बंगालपर्यंत झालेल्या स्वाऱ्यांत एवढ्या घोड्यांची वैरण नागपुरातून वाहून नेणे अशक्य होते. शत्रूच्या मुलखातला साठा हाच फौजेचा साठा होता, आणि बंगालच्या लोकस्मृतीत या स्वारांची आठवण बर्गी म्हणून राहिली ती अशा घेण्याच्या पद्धतीमुळेच.

बर्गी म्हणजे बारगीर. बारगीराचा घोडा सरकारचा असे आणि त्याची चंदी, म्हणजे रोजचा दाणा, सरकारी पागेतून मिळे. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई आणि त्याचे पोषण स्वतःच्या पगारातून करी. शिलेदार घोड्याला इतके जपत की लढाईत तो पुढे घालायला ते कचरतात, अशी तक्रार मराठेशाहीच्या इतिहासात वारंवार भेटते. लष्करी दृष्टीने ती तक्रार रास्त असेल, पण जनावराच्या आणि वैरणीच्या दृष्टीने पाहिले तर या कचरण्यामागे मालकीची जाणीव होती हेही नोंदवायला हवे.

घासदाण्याची वसुली नागपूरकरांच्या राजकारणात किती अडचणीची झाली होती हे १७६९ च्या कनकापूरच्या तहावरून कळते. माधवराव पेशवे आणि जानोजी भोसले यांच्यातील या तहात औरंगाबाद सुभ्यातील पेशव्यांच्या परगण्यांतून भोसल्यांनी परस्पर घासदाणा वसूल करू नये आणि त्याऐवजी एक ठरावीक रक्कम पेशव्यांच्या अंमलदारांमार्फत घ्यावी, असे कलम घालावे लागले. म्हणजे ज्या करात प्रारंभी प्रत्यक्ष गवत आणि दाणा होता, त्यात तोपर्यंत गवताची काडीही उरली नव्हती. तो निव्वळ रोकड हक्क झाला होता. १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड दुसऱ्या रघूजींच्या हातून गेला आणि त्यासोबत या वसुलीचे मोठे क्षेत्रही गेले. तिसऱ्या रघूजींच्या मृत्यूनंतर गव्हर्नर-जनरल डलहौसीने १८५४ साली राज्य खालसा केले, तेव्हा राजवाड्यातील जडजवाहिराबरोबर हत्ती, घोडे आणि बैलही लिलावात निघाले. लिलावाबद्दलचा रोष इतिहासकारांनी दागिन्यांच्या संदर्भात नोंदवला आहे. हत्तीला दिवसाला दीड-दोनशे किलो हिरवा चारा लागतो हे लक्षात घेतले तर विकणाऱ्यांना जनावरांची घाई का झाली असावी हे समजायला कठीण नाही. दागिना तिजोरीत थांबतो, हत्ती थांबत नाही.

फौजेचा साठा असा दुसऱ्याच्या खळ्यावर अवलंबून होता, तर खुद्द खळ्यावर साठवणीची विद्या पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली होती. नागपूर, वर्धा आणि काटोलकडच्या काळ्या जमिनीत ज्वारीचा कडबा हा वैरणीचा कणा होता, तर पूर्वेकडे उमरेडपासून भंडाऱ्यापर्यंत जसजसा भात वाढतो तसतशी कडब्याची जागा तणस घेते. ज्वारी कापून, कणसे खुडून झाली की धांड्यांच्या पेंढ्या बांधून त्या काही दिवस शेतातच उभ्या करून वाळवत, आणि पूर्ण वाळल्यावरच गंजी रचत. या सबुरीला कारण होते: ओलसर पेंढी गंजीच्या पोटात गेली तर आतल्या आत कुबट उष्णता निर्माण होते, बुरशी धरते आणि क्वचित गंजी आपोआप पेटते. गंजीखाली दगड किंवा तुराटी-पराटीचा, म्हणजे तुरीच्या व कापसाच्या वाळलेल्या झाडांचा, थर घालून ती जमिनीपासून उचललेली ठेवत, जेणेकरून खालून ओल आणि वाळवी लागू नये. पेंढ्यांचे बुडखे बाहेर व पानांचा भाग आत अशी रचना केली की पाऊस आणि ऊन जाड बुडख्यांवर बसते आणि जनावराला आवडणारे पान आत कोरडे राहते; माथा उतरता ठेवला की पाणी निथळून जाते. कुटार हलके आणि वाऱ्याने उडणारे असल्याने ते गोठ्यालगतच्या बंद खोलीत दाबून भरत. गंजी चुलीपासून दूर पण घरातून दिसेल अशी असावी, कारण आग आणि चोरी या दोन्हींची भीती सारखीच होती.

वापरण्याचा क्रमही ठरलेला होता आणि तो वरवर दिसतो तेवढा सरळ नव्हता. एकाच प्रकारच्या वैरणीत जुनी आधी आणि नवी नंतर, हा नियम सगळीकडे होता. पण निरनिराळ्या प्रकारांत मात्र उलट चाल होती, म्हणजे हलकी वैरण हिवाळ्यात संपवायची आणि उत्तम कडबा, सरकी व ढेप वखरणी-पेरणीच्या दिवसांसाठी राखून ठेवायची. हिवाळ्यात बैलांना काम बेताचे असते, रानात थोडेफार खायला मिळते, तेव्हा सकस चारा घालणे ही उधळपट्टीच मानली जाई. सधन घरी एखादी गंजी पुढच्या सालासाठी न मोडता ठेवत. कडबा कोरडा राहिला तर दोन वर्षे टिकतो, मात्र त्याचा हिरवट रंग उतरतो, पाने चुरून झडतात आणि पोषण घटते, म्हणून तिसऱ्या वर्षापर्यंत तो ताणण्यात हशील नव्हते. बाजारात कडबा वजनावर न विकता शेकड्याच्या, म्हणजे शंभर पेंढ्यांच्या, भावाने विकला जातो, आणि पेंढी किती जाड बांधायची हे बांधणाऱ्याच्या हाती असल्याने या व्यवहारात विकत घेणाऱ्याची नजर हेच एक माप उरते.

गव्हाणीत जे उरे त्याचाही हिशेब होता. अख्खी पेंढी टाकली की बैल पाने आणि शेंडा खातो व खालचे जाड धांडे तुडवून टाकतो. ते धांडे गोठ्यात अंथरायला, तिथून शेणासह उकिरड्यावर आणि उकिरड्यावरून शेतात जात. त्यामुळे कडबा वाया जाणे या कल्पनेला जुन्या व्यवस्थेत मर्यादित अर्थ होता. तो चारा म्हणून गेला तरी खत म्हणून परत येई. याच तर्काने कुट्टी, म्हणजे बारीक कापलेला कडबा, घालण्याची शिफारस पुढे शेतकी खात्याने केली तेव्हा ती सावकाश रुजली. वैरणीचे दुर्भिक्ष आणि तिचे भाव वाढले तेव्हा कुट्टीचे यंत्र आपोआप घरोघर गेले. घरच्या कुत्र्याला तर साठ्याची गरजच नव्हती. जेवणाआधी गोग्रास आणि काकबळी बाजूला काढणारे घर शेवटी उरलेली भाकरी कुत्र्याला घाली, आणि मनुष्याच्या पानात उरते तेवढेच त्याचे अन्न असल्यामुळे त्याच्या नावाने काही नासण्याचा प्रश्न येत नसे.

या घरगुती चक्राला पहिला मोठा धक्का कापसाच्या व्यापाराने दिला. हाताने फिरवायच्या रेच्यावर कापूस पिंजण्याआधी सरकी वेगळी काढली जात असे तोवर ती घरातच राही आणि रात्री भिजवून सकाळी बैलाच्या किंवा दुभत्या म्हशीच्या आंबोणात, म्हणजे भिजवलेल्या खुराकात, पडत असे. रेल्वे आली, हिंगणघाट आणि नागपूर ही कापसाची मोठी केंद्रे झाली, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, आणि गावोगावी जिनिंगचे कारखाने उभे राहिले. आता शेतकरी बोंडातला कापूस सरकीसकट विकू लागला आणि सरकी कारखान्याच्या गुदामात जमा झाली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तिचा मोठा भाग मुंबईमार्गे तेलासाठी इंग्लंडकडेही जात होता. ज्या कुणब्याच्या शेतात सरकी पिकत होती तो आता ती, किंवा तिची ढेप, पैसे मोजून परत आणू लागला. इतिहासकार कापूस-निर्यातीचे आकडे मोजतात. बैलाच्या खुराकातून किती गेले हे मात्र कोणत्याच बंदराच्या नोंदीत सापडत नाही. बंजाऱ्यांच्या लदणीच्या बैलांचा व्यवसायही याच रेल्वेने संपवला, आणि गमतीची गोष्ट अशी की चारा न साठवता वाटेवरच्या कुरणांवर हजारो बैल पोसणारी एक पूर्ण पद्धती त्याबरोबर नाहीशी झाली.

१८९० नंतरचे दशक मध्य प्रांताला फार वाईट गेले. तांबेऱ्याने आणि अवेळी पावसाने गव्हाची पिके लागोपाठ बुडाली, पाठोपाठ १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ आले. नागपूर आणि वर्धा जिल्ह्यांतील शेतकरी या काळात गहू सोडून कापूस आणि ज्वारीकडे वळला, याचे स्पष्टीकरण सहसा कापसाच्या भावाने दिले जाते. त्यात तथ्य आहे, पण कापूस माणसाला खाता येत नाही आणि जनावरालाही फारसा उपयोगी नाही. कापसाबरोबर ज्वारी वाढली ती माणसाला भाकरी आणि बैलाला कडबा एकाच ताटातून देते म्हणून, हे कारणही तितकेच वजनदार मानायला हवे.

दुष्काळात वैरणीचा प्रश्न प्रथमच सरकारी पातळीवर आला. राखीव जंगले चराईसाठी व गवत कापण्यासाठी खुली केली गेली. गुजरातेत गुरे मोठ्या संख्येने मरत असताना जंगलातले गवत कापून, दाबून, गाठी बांधून रेल्वेने पाठवण्याचे प्रयत्नही झाले. गवत जिथे मुबलक तिथे मजूर नाहीत, मजूर मिळाले तर डबे नाहीत, आणि डबे मिळून गाठी पोहोचल्या तरी वाहतुकीचा खर्च गवताच्या किमतीपेक्षा अधिक, अशी त्या प्रयत्नांची नेहमीची अडचण होती. गवताची गाठ आकाराने मोठी आणि किमतीने हलकी असते. लांब अंतरावर न्यायला ती धान्यापेक्षा फार महाग पडते. १९०१ च्या दुष्काळ आयोगाचे अध्यक्ष अँटनी मॅकडॉनेल हे स्वतः पूर्वी मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होते, आणि त्या अहवालात माणसांच्या जोडीने गुरे वाचवण्याच्या उपायांचाही विचार आहे. तथापि जंगलाचे नियम कडक होण्याआधी गावकऱ्यांना जे गवत निस्तार म्हणून, म्हणजे जंगलातून घरगुती गरजा भागवण्याच्या रूढ हक्काने, मिळत होते, तेच गवत दुष्काळात सवलत म्हणून परत दिले जात होते, ही विसंगती कोणत्याही अहवालाच्या सुरातून लपत नाही. मालगुजार, म्हणजे गावच्या महसुलाची जबाबदारी घेतलेला जमीनधारक, याच्या ताब्यातल्या रानातही निस्ताराचा हक्क चाले; १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ती राने सरकारकडे गेली.

नेमक्या याच कालखंडात साठवणीची एक अगदी वेगळी रीत युरोपातून आली. हिरवा चारा खड्ड्यात दाबून, हवा बंद करून आंबवत ठेवला तर तो महिनोन्‌महिने टिकतो, हे फ्रान्समधील ओग्यूस्त गोफार यांनी मक्यावर प्रयोग करून १८७७ साली पुस्तकरूपाने मांडले, आणि हिंदुस्थानातल्या सरकारी शेतांवर १८८० च्या दशकात त्याचे प्रयोग सुरू झाले. या चाऱ्याला मराठीत मुरघास म्हणतात. नागपुरात १८८८ साली शेतकीचे वर्ग सुरू झाले आणि १९०६ साली त्यांचे महाविद्यालय झाले. तेथून बाहेर पडणाऱ्या पिढ्यांनी मुरघासाचा प्रचार केला, लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेती आयोगानेही १९२८ च्या अहवालात चाऱ्याच्या टंचाईचा सविस्तर विचार केला. जनावरांच्या पोषणाची स्थिती जितकी वाईट तितकी माणसे अधिक जनावरे बाळगतात आणि त्यामुळे स्थिती आणखी वाईट होते, हे त्या अहवालातील निरीक्षण आजही उद्धृत केले जाते. मुरघास मात्र खेड्यात रुजला नाही. शेतकऱ्याच्या अज्ञानावर त्याचे खापर फोडणे सोपे होते, आणि ते फोडलेही गेले. पण खड्डा एकदा उघडला की रोज ठरावीक जाडीचा थर काढावा लागतो, नाहीतर उघडी बाजू हवेने सडते, आणि दोन बैल व एक गाय असलेल्या घरी रोज तेवढा थर संपत नाही. तंत्र मोठ्या गोठ्याच्या मापाचे होते आणि गोठे लहान होते. शेतकऱ्याने ते नाकारले यात त्याचा हिशेब बरोबर होता असेच म्हणावे लागते. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत थोडा थोडा मुरघास भरता येऊ लागला तेव्हा तो लहान गोठ्यांतही पोहोचला, हा त्याचाच पुरावा आहे.

दानावर चालणाऱ्या गोठ्यांची गोष्ट निराळी. १८८८ च्या सुमारास स्थापन झालेली नागपूरची गोरक्षण सभा देशातल्या अशा संस्थांत अग्रेसर होती, आणि १८९१ साली नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन झाले त्याच्या पाठोपाठ गोरक्षणाची सभाही तेथे भरली. वर्ध्याला जमनालाल बजाज यांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात गोसेवा संघाचे काम हाती घेतले ते मात्र गाईच्या भावनिक रक्षणापेक्षा तिच्या पोषणावर, जातीच्या सुधारणेवर आणि मेल्यावर तिच्या चामड्याच्या उपयोगावर भर देणारे होते. या भागातली गवळाऊ ही पांढरी, चपळ, काटक जात, जिचा उगम मराठी फौजांच्या वेगवान वाहतुकीशी जोडला जातो, या विचाराच्या केंद्रस्थानी होती. दानाने येणारा चारा सणवाराला ओघाने येतो आणि वैशाखात आटतो, म्हणून अशा संस्थांत साठवणीची खोली ही गाभाऱ्याइतकी महत्त्वाची ठरते.

स्वातंत्र्यानंतर कडब्याला खरा धक्का दुष्काळाने नाही, भरघोस पिकाने दिला. १९६४ साली सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. तो बुटका, लवकर येणारा आणि दाण्याला भरपूर होता, पण त्याचे धांडे आखूड आणि पावसात सापडले तर दाणे काळे पडणारे. दाण्याचे उत्पन्न वाढले आणि पेंढी लहान झाली. पुढे १९८०-९० च्या दशकांत सोयाबीन विदर्भभर पसरले, खरीप ज्वारीचे क्षेत्र झपाट्याने आकसले, आणि गंजीच्या जागी सोयाबीनच्या कुटाराचा ढीग आला. हे कुटार कडब्याइतके जनावराच्या आवडीचे नाही, शिवाय पाऊस लागला तर लवकर काळे पडते. ट्रॅक्टर वाढले, बैल घटले, त्यामुळे एकूण गरज कमी झाली हे खरे. परंतु जी जनावरे उरली त्यांचा चारा अधिकाधिक विकतचा झाला आणि घरचा साठा हा प्रकारच अनेक गावांतून उठला.

साठवलेले अन्न जनावराला मारूही शकते, याचे शास्त्रीय भान या इतिहासात उशिरा आले. पाण्याच्या ताणाने खुरटलेली कोवळी ज्वारी खाल्ली की जनावराला किराळ लागते, म्हणजे तिच्यातील हायड्रोसायनिक आम्लाने विषबाधा होते, आणि चारा नीट वाळवला की हा धोका पुष्कळ उतरतो, हे शेतकरी जाणत होता. बुरशीचे विष मात्र डोळ्यांना दिसत नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्षी मोठ्या संख्येने मेले, आणि त्याचा माग ब्राझीलहून आलेल्या बुरशीयुक्त भुईमुगाच्या पेंडेपर्यंत गेला. त्या शोधातून अफ्लाटॉक्सिन हे विष ओळखले गेले. १९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल भागात अवेळी पावसाने भिजलेला मका नीट न वाळवता साठवला गेला आणि तो खाऊन शंभरावर माणसे यकृताच्या विकाराने दगावली. त्या साथीत तेच अन्न वाटून खाणारी घरची कुत्रीही आजारी पडून मेली, आणि माणसांच्या आधीच मेली. पानातले उरलेले अन्न खाणाऱ्या प्राण्याने घरातल्या कणगीची बातमी अशी आगाऊ दिली होती. नागपुरात १९५८ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि २००० साली येथेच मुख्यालय ठेवून स्थापन झालेले महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ यांच्यामुळे पशुखाद्याच्या तपासणीचा आणि पोषणाचा अभ्यास या शहरात स्थिरावला.

शहरी नागपुरात गोठे मागे हटले आणि कुत्री-मांजरे घरात आली, त्याबरोबर साठ्याची गोष्ट पुन्हा घराच्या कोठीत शिरली. कारखान्यात तयार केलेले कुत्र्याचे अन्न हा प्रकार लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बिस्किटांच्या रूपाने सुरू केला. आज नागपूरच्या पूर्वेला, एके काळी भोसल्यांच्याच अंमलाखाली असलेल्या छत्तीसगडातल्या राजनांदगावात, ड्रूल्स या मोठ्या देशी नाममुद्रेचे खाद्य तयार होते. २०२० च्या मार्चमध्ये देशभर टाळेबंदी झाली तेव्हा केंद्र सरकारच्या आदेशात किराणा, दूध, मांस आणि मासे यांच्या ओळीत जनावरांच्या चाऱ्याच्या दुकानांनाही मुभा होती. त्या आठवड्यांत पाळीव प्राणी असलेल्या घरांनी पोती भरून ठेवण्याची जी घाई केली तिला तसा फारसा आधार नव्हता.

या कोरड्या खाद्यात चरबी बरीच असते आणि नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पोते उघडले की हवा आणि उष्णता यांमुळे ती चरबी खवट होऊ लागते, पावसाळ्यात दमटपणाने बुरशीची भर पडते. पोत्यावर छापलेली मुदत ही बंद पोत्याची असते, उघडल्यावर मात्र साधारण सहा आठवड्यांत ते संपवावे असा पशुवैद्यांचा सामान्य सल्ला असतो. १० किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला १८० ग्रॅमच्या आसपास असे खाद्य पुरते. म्हणजे २० किलोंचे पोते त्याला साडेतीन महिन्यांहून अधिक जाते आणि त्याचा अर्ध्याहून मोठा भाग हे सहा आठवडे उलटल्यावर पोटात जातो किंवा फेकला जातो. ३ किलोंच्या पिशवीचा दर किलोमागे अधिक असतो, पण ती सोळा-सतरा दिवसांत संपते, आणि कोठीत एक बंद पिशवी राखून दुसरी उघडायची एवढी शिस्त पाळली तर महिन्याभराची तजवीज होते.